लकी अलीमुळं गिटार घेतली हे सांगायची लाज वाटते, काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे सोलापूरचे, वय ३८, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतात, राहायला जुळे सोलापुरात. शाळेत असताना केबलवर लकी अलीचं 'ओ सनम' बघितलं आणि तेव्हापासून गिटार डोक्यात बसली. पण तेव्हा घरची परिस्थिती नव्हती, मग नोकरी, लग्न, दोन पोरं. गेल्या वर्षी एकदाचं शिकायला सुरुवात केली. रविवारी एका मित्राच्या गच्चीवर चार-पाच जण जमतात. तिथं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं इन्स्पिरेशन कोण?" ह्यांनी खरं ते सांगितलं तर सगळे हसले, एकजण म्हणाला, "अरे तो सिंगर आहे बे, गिटारिस्ट कुठं?" त्या दिवसापासून कोणी विचारलं की हे रॉक गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सचं नाव सांगतात. ग्रुपच्या सांगण्यावरून हप्त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज वाढवणारा अँप घेतला, हेंड्रिक्स, लेड झेपेलिनचा जिमी पेज, ब्लॅक सबाथ हा हेवी मेटल बँड, सगळं ऐकून बघितलं, "पण मनापासून सांगतो ताई, मला तो गोंगाट वाटतो." आता गिटार उचलायचाच कंटाळा येतो. बायको म्हणाली, "तुम्हाला हे आवडतंय तरी का?" त्यांचे प्रश्न असे की माझी सुरुवातच चुकीच्या माणसापासून झाली का, ह्या वयात खऱ्या दिग्गजांपासून परत सुरू करू का, की सरळ गिटार विकून टाकू.

दादा, तुमच्या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न वहिनींनी विचारलाय आणि तुम्ही तो जाता जाता लिहून पुढं गेलात. मी त्याच्याकडं येतेच, पण आधी गच्चीवरचं प्रकरण मिटवू, कारण तुमची खरी अडचण तिथं सुरू झालीये, गिटारमध्ये नाही.

तुम्ही असं धरून चाललाय की गिटारकडं वळवणारा माणूस 'बरोबर' असावा लागतो. म्हणजे कुठंतरी एक मंजूर यादी आहे, त्यातला कोणी असेल तर तुमची सुरुवात खरी आणि नसेल तर फुसकी. मला सांगा, ती यादी केली कोणी? तुमच्या ग्रुपमधल्या पोरांचं हेंड्रिक्स हे उत्तर खरं असेलही, मी नाही म्हणत नाही, पण ह्या प्रश्नाला लोक बहुतेक वेळा दुसऱ्या नंबरचं उत्तर देतात असं मला वाटतं. पहिल्या नंबरवर होस्टेलमधला सिनियर असतो, मामाचा पोरगा असतो, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभा राहून वाजवणारा तो बारीकसा माणूस असतो ज्याचं नाव निवेदक शेवटी घाईघाईत घेतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू घरात वाढलेल्या पोराला विचारा, तो कदाचित इलयाराजाच्या गाण्यातली गिटार म्हणेल. हेंड्रिक्स नंतर येतो, यूट्यूबवर, चार मित्रांत बोलायला लागल्यावर. तो आला की पहिलं नाव हळूच खाली सरकवलं जातं, तुम्ही सरकवलंत तसंच. फरक इतकाच की तुम्हाला आठवतंय तुम्ही सरकवलं ते, बाकीचे विसरलेत.

आता ज्यांची नावं तुमच्या गच्चीवर इतक्या भक्तीनं घेतात त्यांचंच बघू. जिमी पेज. हा लहानपणी कोणामुळं पेटला? एक एल्विस प्रेस्ली, आणि दुसरी त्या काळात इंग्लंडभर रोगासारखी पसरलेली स्किफलची साथ, म्हणजे घरातल्या वस्तूंवर वाजवायचं साधंसुधं संगीत. ही साथ आणली लॉनी डोनेगन नावाच्या माणसानं, त्याचं 'रॉक आयलंड लाइन' १९५६ साली तिथं तुफान चाललं. हे गाणं मूळचं त्याचं पण नव्हतं, अमेरिकेतल्या लेडबेली नावाच्या गायकानं गायलेलं त्यानं उचललं होतं. आणि डोनेगन काही गिटारचा उस्ताद वगैरे नव्हता हो, गायचा, गाता गाता गिटार झोडायचा. पण त्याचं बघून इंग्लंडातल्या पोरांना कळलं की तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचे तीन गट, कपडे धुवायची पत्र्याची फळी आणि चहाच्या खोक्याला काठी-दोरी लावून केलेला बेस एवढ्यावर बँड होतो, पैसा लागत नाही, मास्तर लागत नाही. जॉन लेननचा पहिला ग्रुप स्किफलचा, जॉर्ज हॅरिसनला वेड लागलं ते डोनेगनचं, आणि तुमचा जिमी पेज तेरा वर्षांचा असताना बीबीसीवर पोरांच्या कार्यक्रमात स्किफलच वाजवत होता, मोठेपणी काय करणार विचारल्यावर जीवशास्त्रात संशोधन करायचंय म्हणाला. तर ह्या पोराला पण कोणी "अरे तो सिंगर आहे बे" म्हणालं असतं तर?

दुसरं उदाहरण मला फार आवडतं म्हणून जरा लांबण लावते. कार्लोस सँटाना. ह्या गिटारिस्टचे वडील मारियाची, म्हणजे मेक्सिकोच्या लोकसंगीताच्या बँडात व्हायोलिन वाजवायचे, त्यांनी पोराच्या हातात पण व्हायोलिनच दिलं. मेक्सिकोत अमेरिकेच्या हद्दीला लागून तिहुआना म्हणून गाव आहे, हे कुटुंब तिथं राहायला आलं, आणि तिथल्या एका बागेत हाविएर बातीस नावाचा पोरगा बँड घेऊन वाजवायचा. जन्म १९४४ चा, म्हणजे सँटानापेक्षा तीनच वर्षांनी मोठा. अमेरिकेतल्या बी. बी. किंग वगैरे लोकांचा ब्लूज ऐकून ऐकून तो तसाच वाजवायचा. सँटानानं त्याला बघितलं आणि व्हायोलिन संपलं. आपल्या पार्क चौकात कोणी पोरगं जुनी गाणी वाजवत उभं असावं आणि त्याच्यामुळं दुसऱ्या पोराचं आयुष्य वळावं, असलं हे प्रकरण. पुढं हाविएर बातीस मेक्सिकोत मोठा मान मिळवलेला माणूस झाला, पण तुमच्या गच्चीवर त्याचं नाव घ्या, कोणाला माहीत असेल तर मला कळवा.

ते इथं थांबत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडची एक अकरा वर्षांची मुलगी सँटानाला स्टेजवर बघते आणि इलेक्ट्रिक गिटारच्या मागं लागते. तिचं नाव ओरियांथी. २००९ मध्ये मायकल जॅक्सननं लंडनच्या शोसाठी तिला निवडलं, तालमी झाल्या, पण तो वारला आणि ते शो झालेच नाहीत. मग २०११ मध्ये 'रॉकस्टार' सिनेमा आला, त्यातल्या 'साड्डा हक'मध्ये ए. आर. रहमाननं गिटार तिच्याकडून वाजवून घेतली. त्या सिनेमानंतर आपल्याकडं कॉलेजच्या पोरांच्या पाठीवर गिटारच्या बॅगा दिसायला लागल्या हे तुम्ही पण बघितलं असेल. आता त्या पोरांपैकी कोणाला विचारलंत "कोणामुळं घेतली?" तर तो रणबीर कपूर म्हणणार, ज्याचं कामच मुळात पडद्यावर वाजवण्याचा अभिनय करणं हे होतं. त्याच्या हाताखाली जो आवाज ऐकू येतो तो अॅडलेडच्या मुलीचा, तिच्या मागं सँटाना, त्याच्या मागं तिहुआनाच्या बागेतला पोरगा, त्याच्या मागं बी. बी. किंग. त्या पोराला ह्यातलं काहीही माहीत नसताना सगळं पोचलंय. ह्याला चुकीची सुरुवात कसं म्हणायचं?

आणि आपल्याकडं लोक गिटारिस्टचं नाव न घेता गायकाचं, हिरोचं, संगीतकाराचं नाव घेतात ह्याला एक साधं कारण आहे. वाजवणाऱ्यांची नावं आपल्याला कोणी सांगितलीच नाहीत. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर गायक, गीतकार, संगीतकार एवढी नावं यायची, स्टुडिओत बसून वाजवणारे बहुतेक बिनानावाचे. 'दम मारो दम' १९७१ चं, त्याची सुरुवातीची गिटार अख्ख्या देशाला तोंडपाठ, ती वाजवली भूपिंदर सिंग ह्यांनी. पण भूपिंदर म्हटलं की लोकांना आठवतात ते गझला गाणारे भूपिंदर. तुमच्या वडिलांच्या वयाच्या कोणाला विचारलंत तर ते कदाचित व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली सांगतील, कारण त्या लोकांनी हवाईयन गिटारवर सिनेमाच्या चाली वाजवलेल्या रेकॉर्डी निघायच्या आणि त्यावर त्यांचं स्वतःचं नाव असायचं. म्हणजे नाव छापलं तिथं लोकांनी गिटारिस्ट लक्षात ठेवला, नाही छापलं तिथं आर. डी. बर्मन आणि किशोरकुमारला लक्षात ठेवलं. तुम्ही लकी अली म्हणालात त्यात तुमची समज कमी पडली असं काही नाही. शिवाय हा माणूस स्वतः गिटार गळ्यात घालून गातो, त्यामुळं तो गच्चीवरचा टोमणा तसा पण पुरता बरोबर नाही.

बरं, आता दुसरी समजूत, आणि तुमचा कंटाळा माझ्या मते हिच्यामुळं आहे. ज्यानं नाद लावला त्याच्यापासूनच शिकायचं, किंवा तो छोटा वाटत असेल तर त्याच्या जागी मोठा माणूस बसवून त्याच्यापासून शिकायचं. ही दोन वेगळी कामं आहेत हो. नाद लावणारा एक, शिकवणारा दुसरा, पुढं जाऊन ज्याच्यासारखं वाजवावंसं वाटतं तो तिसराच निघू शकतो. तुम्ही पहिल्या माणसाची लाज वाटली म्हणून त्याची खुर्ची काढली आणि तिथं हेंड्रिक्स आणून बसवला, ज्याच्याशी तुमची ओळख पण झालेली नाही. मग गिटार उचलली की समोर परीक्षा घ्यायला तो बसलेला. कोणाला उत्साह येणार? आजीच्या हातची शेंगा चटणी आवडली म्हणून एखाद्यानं स्वैपाक शिकायला घेतला आणि त्याला कोणी सांगितलं की आधी सहा महिने फ्रेंच सॉस कर, तर तो चूल पेटवायचाच बंद होईल.

म्हणून वहिनींचा प्रश्न. आवडतंय तरी का? त्याच्या आधीचा प्रश्न असा की तेव्हा नक्की काय आवडलं होतं? एकदा पोरं झोपल्यावर इयरफोन लावून 'ओ सनम' परत ऐका, व्हिडिओ न बघता. मग व्हिडिओ बघून परत ऐका. १९९६ चं गाणं आहे, व्हिडिओ इजिप्तमध्ये शूट केलेला, वाळू, पिरॅमिड. सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून बघणाऱ्या शाळकरी पोराला त्यातलं काय लागलं असेल? तारांचा आवाज लागला असेल, तो खरखरीत गळा लागला असेल, नाहीतर कुठंतरी लांब निघून जावं असं वाटलं असेल. तिन्ही असू शकतं. पण उत्तरावर पुढचं ठरतं. गळा लागला असेल तर तुम्हाला गात गात साथ करायचीये, मग गिटार हे तुमच्या गाण्याचं साधन, आणि सोलो, म्हणजे गाणं थांबवून एकट्या गिटारचा तुकडा, येत नाही म्हणून झुरायचं काही कारणच नाही. तारांचा आवाज लागला असेल तर बोटांनी एकेक तार छेडायचं पिकिंग शिका, तो वेगळा आणि फार गोड अभ्यास आहे. आणि लांब निघून जावंसं वाटलं असेल, तर दादा, त्याला हप्त्यावरच्या गिटारपेक्षा हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट स्वस्त पडेल. चेष्टा करते, पण अगदीच चेष्टा पण नाही. कित्येक लोक गिटार घेतात ते त्या माणसासारखं जगायला, आणि सराव सुरू झाला की कळतं जगणं तेच आहे, फक्त बोटं दुखतायत. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की चिडचिड निम्मी होते, वाजवायचं की नाही ते मग मोकळेपणानं ठरवता येतं.

माझा अंदाज तुमच्या पत्रावरून गळा आणि साथ असा आहे, कारण तुम्ही मध्येच लिहिलंय की पोरांना झोपवताना ते गाणं गुणगुणता. तो धागा धरून सांगते.

आत्ता तुमच्याकडं आहे तीच इलेक्ट्रिक घ्या. अँपवरचं आवाज खरखरीत करणारं गेनचं बटन अगदी कमी करा, क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाज ठेवा. इलेक्ट्रिकवर फक्त रॉक वाजतं हा गैरसमज आहे, क्लीन आवाजावर साथ मस्त होते, आणि इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, बहुतेक वेळा नऊ किंवा दहाच्या गेजच्या, म्हणजे जाडीच्या, त्यामुळं नवशिक्या बोटांना अकूस्टिकच्या बारा नंबरच्या तारांपेक्षा कमी त्रास. चार-पाच उघडे कॉर्ड, म्हणजे काही तारा न दाबता मोकळ्या वाजतात असे, धरा, जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर. तुमचा आवाज जिथं बसतो तिथं कॅपो, म्हणजे तारांवर बसवायचा चिमटा, लावा, मूळ गाण्याच्या पट्टीत गायचा हट्ट नको. एफच्या बार कॉर्डवर, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या असतात तिथं, लोक महिनोन्महिने अडकतात आणि तिथंच गिटार माळ्यावर जाते, तुम्ही त्याला सध्या बाजूनं जा, नंतर भेटू त्याला.

उजव्या हाताचं एक सांगते, सोलापूरकरांना हे पटकन कळतं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळलीये. तिथं एक पाऊल चुकलं म्हणून कोणी जागेवर थांबत नाही, ताल चालू राहतो, तुम्ही पुढच्या पावलाला परत त्यात शिरता. स्ट्रमिंग अगदी तसंच करायचं. डावा हात कॉर्ड बदलायला उशीर करेल, करू दे, उजवा हात खाली-वर चालूच ठेवायचा, तार भलतीच वाजली तरी. नवीन माणूस उलट करतो, कॉर्ड बसेपर्यंत उजवा हात थांबवतो, आणि मग गाणं असं अडखळत चालतं की घरच्यांना पण नको होतं. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ताल देणारं ॲप, साठवर लावा आणि रोज जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं बसा, रविवारी तीन तास बसून बाकी आठवडा हात न लावण्यापेक्षा हे बरं.

वयाचं तुम्ही विचारलंत. ३८ ला हेंड्रिक्स होता येत नाही हे खरं आहे, पण ते १८ ला पण बहुतेकांना आलं नाही. वेस माँटगोमेरी म्हणून जॅझमधला फार मोठा गिटारिस्ट होऊन गेला. विशीच्या आसपास त्यानं चार्ली ख्रिश्चन ह्या गिटारिस्टची रेकॉर्ड ऐकली आणि येडा झाला, रेकॉर्ड लावून लावून त्याचे सोलो जसेच्या तसे पाठ केले, आणि त्याला पहिलं काम मिळालं ते तेवढेच सोलो वाजवून दाखवायचं. दिवसा नोकरी, रात्री वाजवणं, आणि घरात सात पोरं. पिकनं, म्हणजे तार छेडायच्या छोट्या तुकड्यानं, वाजवलं की आवाज मोठा व्हायचा, रात्री शेजाऱ्यांना त्रास, म्हणून तो अंगठ्यानं वाजवायला लागला आणि पुढं तो अंगठ्याचा मऊ आवाजच त्याची ओळख झाली. देशभर नाव झालं ते पस्तिशी उलटल्यावर. ह्याच्यावरून तुम्ही पण मोठे व्हाल असं मी म्हणत नाही, तसला खोटा दिलासा मी देत नसते. सांगायचं एवढंच की संसार आणि शेजारी सांभाळून वाजवणाऱ्यांची जात जुनी आहे, आणि नक्कल करण्यात काही कमीपणा नाही. तुमच्या पण अँपला हेडफोनची जागा असेल ती बघा, नाहीतर अंगठा आहेच.

आता परत गच्ची. तिथं उभं राहून "मी खोटं बोललो, माझं खरं इन्स्पिरेशन लकी अली" असं जाहीर करायची काही गरज नाही, हे काय कोर्ट आहे का. गाणं तयार झालं की एका रविवारी जाऊन सरळ वाजवा आणि गा. गिटार वाजवणाऱ्या माणसाला समोर नीट तालात चाललेलं गाणं ऐकू आलं की तो वाद घालायचं विसरतो आणि दुसरा आवाज लावायला लागतो. तरीही हसले तर तो ग्रुप तुमचा नाही, गच्च्या सोलापुरात भरपूर आहेत. आणि जो ब्लॅक सबाथचा भक्त आहे त्याला एक किस्सा सांगा, तुम्ही कारखान्यातले आहात म्हणून तुम्हाला तो जवळचा वाटेल. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशिनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. सगळं संपलं असं धरून बसलेला असताना त्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट ह्या जॅझ गिटारिस्टची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं की ह्या माणसाची दोन बोटं जळून निकामी झालेली आहेत. जँगो ज्या फिरत्या गाडीत राहायचा तिला १९२८ मध्ये आग लागली होती. आयोमीनं मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या आणि परत उभा राहिला. अख्ख्या हेवी मेटलच्या मुळाशी कोण आहे तर एक फोरमन, ज्यानं फक्त एक रेकॉर्ड ऐकवली. त्याला कोणी यादीत घेईल का?

हेंड्रिक्सला मात्र कायमचं तोडू नका. तुमच्यावर लादला म्हणून तो कडू लागतोय. त्याचा आरडाओरडा बाजूला ठेवा आणि १९६७ ची दोन गाणी ऐका, 'द विंड क्राइज मेरी' आणि 'लिटल विंग'. शांत आहेत, गात गात साथ करणारा माणूस त्यात ऐकू येतो, म्हणजे तुम्हाला जे करायचंय त्याच्या बरंच जवळ. आवडली तर आवडली. नाही आवडली तरी गिटारचं लायसन कोणी काढून घेत नाही.

विकायचं म्हणाल तर घाई नको. हप्त्यावरची गिटार वर्षात विकली की घेतलेल्या किमतीच्या निम्म्यावर पण लोक भाव करतात, आणि अकूस्टिक घ्यायला परत खिशात हात घालावा लागतो. आधी ती गिटार एकदा जाणकाराकडून सेटअप करून घ्या, तारांची उंची कमी करून. नवशिक्यांची निम्मी बोटदुखी उंच तारांमुळं असते आणि दोष स्वतःच्या वयाला देतात. गिटारच्या दांड्यातला ट्रस रॉड यूट्यूब बघून स्वतः पिळू नका. तीन-चार गाणी गाऊन वाजवता यायला लागली आणि तरी लाकडी आवाजच हवासा वाटला तर मग अकूस्टिक बघा, आणि ती घेतलीत तर आपल्या उन्हाळ्याचं भान ठेवा. लाकडी गिटारला हवेत ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठाक. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, बंद गाडीत ठेवली की लाकूड आकसतं, दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं हाताला लागायला लागतात, कधीकधी फळी तडकते. कूलरच्या तोंडापुढं पण ठेवू नका, दिवसभर ओलं आणि रात्री कोरडं हे त्याहून वाईट. केसमध्ये, घरातल्या आतल्या भिंतीला, बस.

जाता जाता ज्या आईवडिलांची असलीच पत्रं माझ्याकडं येतात त्यांच्यासाठी. पोरगी म्हणते रीलमधल्या कोणालातरी बघून गिटार शिकायचीये आणि तुम्हाला ते नाव ऐकून हसू येतं. हसू नका, निदान तिच्यासमोर तरी. नाव काही का असेना, क्लासच्या सरांना सांगा की पहिलं गाणं तेच शिकवा, सोपं करून. सर म्हणाले आमच्याकडं आधी सहा महिने नुसते स्केलच असतात, तर स्केल वाईट नसतात पण दुसरे सर बघा. आणि तीन महिन्यांत तिचा नाद सुटला तर गिटार धाकट्याला नाहीतर शेजारच्या कोणाला वाजवायला द्या, टोमणे न मारता.

तुम्ही दादा, ह्या आठवड्यात फक्त गाणं ऐका आणि गेनचं बटन अगदी कमी करा. वहिनींना कॉर्ड बदलताना बाजूला बसून टाळीवर ताल धरायला सांगा, त्यांनी प्रश्न विचारलाय म्हणजे त्यांचं लक्ष आहे. आणि एफ कॉर्ड आडवा आला की परत लिहा.